यशोदेचं कुंकू

टॅम्पिनीस, सिंगापूर
२७ ऑगस्ट १९९७

ती. ताईस,

नमस्कार. हा आईनं लावलेल्या सवयीचा आहे, प्रेमाचा समजू नकोस. पाकिटावर 'श्रीमती' घातलं आहे. गं. भा. लिहायला माझा हात वळत नाही, आणि मागे एकदा सवयीनं सौ. लिहिलं गेलं तर तू वर्षभर उत्तर दिलं नव्हतंस.

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. 'तन्वीचं कळलं. यशोदा त्या घरात जायला नको. कोणी येत असेल त्याच्याबरोबर परत पाठव.' खाली आशीर्वाद नाही, सही नाही. आणि तेही उघड्या कार्डावर! मिरजेच्या पोस्टापासून इथल्या पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी वाचलं असेल. इथल्या पोस्टमनला मराठी येत नाही हे माझं नशीब.

तर उत्तर ऐक. नाही पाठवणार.

आत्याच्या प्रबोधच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा मुलगा चिनी आहे आणि ख्रिस्ती आहे हे त्यानं तुला एका दमात सांगितलं असणार. बाकीचं सांगितलं नसेल. त्याचं नाव जेरोम. तन्वीच्याच बँकेत आहे. चष्मा आहे, बोलणं कमी आहे, आणि माझ्या हातची चिंचगुळाची आमटी वाटीनं मागून पितो. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस घास उतरला नव्हता, खोटं कशाला सांगू? पण ह्यांनी एका वाक्यात विषय संपवला. म्हणाले, "तीस वर्षं माझं इंजिन चिनी फिटरच्या भरवशावर चाललं, आता पोरीचा संसार चालेल." जहाजावरच्या माणसाशी वाद घालून मी कधी जिंकलेय?

लग्न २२ नोव्हेंबरला, शनिवारी. सकाळी आपल्या पद्धतीनं, संध्याकाळी त्यांच्या चर्चमध्ये. सकाळी तन्वी गौरीहरापुढे बसेल, तिच्यासमोर अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि मागे भिंतीला टेकून चौकटीतली आपली यशोदा. आजीच्या वेळी होती, आईच्या वेळी होती, तुझ्या वेळी होती. मग रिवाजाप्रमाणे थोरल्या लेकीबरोबर तिच्या घरी जाईल. ते घर चोआ चू कांगला असलं आणि दाराशी क्रूस असला तर त्याला मी काय करू?

बाटेल म्हणतेस? तू जन्मभर मिशनच्या दवाखान्यात नर्स होतीस. नाताळचा केक पदराखाली झाकून घरी आणायचीस आणि आम्ही खायचो. तेव्हा काही बाटलं नाही.

खरं काय ते मला माहीत आहे. भाऊजी गेले तेव्हा आत्या म्हणाली, कुंकवाची देवी सवाष्णीच्या घरी असावी. आणि तिनं भिंतीवरून चित्र काढून, पंचात गुंडाळून माझ्या ट्रंकेत घातलं. मी मागितलं नव्हतं. हे तेव्हाही तुला सांगितलं होतं. तुला मूलबाळ नाही, तेव्हा आज ना उद्या ती माझ्याकडेच यायची होती. हे वाक्य खोडायला हवं, पण शाईचं पेन आहे, जास्तच घाण दिसेल. राहू दे.

रविवारी गोकुळाष्टमीचं निमित्त करून जेरोमच्या घरच्यांना जेवायला बोलावलं होतं. सगळं व्यवस्थित पार पडलं.

अरुणा

*

टॅम्पिनीस
१८ सप्टेंबर

ती. ताई,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी रोज खाली जाऊन पत्रपेटी उघडते.

इथे धूर आहे. शेजारच्या इंडोनेशियात जंगलं जळताहेत आणि सगळा धूर आमच्या डोक्यावर. समोरचा ब्लॉक दिसत नाही. खिडक्या बंद, बाहेर जायचं नाही, रेडिओवर दर तासाला हवेचा आकडा सांगतात आणि हे तो आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा ऐकतात. मी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून देवघरापाशी, पुन्हा स्वयंपाकघरात. काल पोळ्या करता करता तीनदा गॅस बंद करून उठले. तन्वी म्हणते, "मम्मी, सिट डाऊन लाह, मला बघूनच चक्कर येते."

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. ती पोटात राहीना, म्हणून हे पत्र.

त्या रविवारी जेरोमची आजीही आली होती. ऐंशीच्या पुढची, ठेंगणी, हातात हिरव्या दगडाची बांगडी. तिला सगळे आह-मा म्हणतात. इंग्रजी येत नाही, फक्त तिची चिनी बोली. ती बोलते ते जेरोम तन्वीला सांगतो आणि तन्वी मला. तर आह-मा चपला काढून आत आली, देवघरापाशी थांबली, आणि यशोदेकडे बघून तिनं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला. क्रूस केला, ताई. आणि माझ्या देवघरासमोर, पाटही न घेता, खाली बसली.

मी तन्वीला विचारलं, काय करतेय ही? तन्वी म्हणाली, "शी सेज इट्स मदर मेरी."

मला काय झालं कोण जाणे, मी एकदम तोडून म्हटलं, ही यशोदा आहे आणि मांडीवर कृष्ण आहे. घरात सात पिढ्या पुजलेली आहे. आह-मानं मान डोलावली, हसली, आणि मलाच काहीतरी समजावल्यासारखं बोलली. जेरोमचा चेहरा उतरला. मग कळलं, ती विचारत होती, हिच्या कपाळाला लागलंय का? हे रक्त आहे का?

नंतर सगळे जेवले. काला सगळ्यांना आवडला. मी हसत वाढत होते. पण त्या दिवसापासून मला धड पूजा करता येत नाही.

तू डोळे मिटून आठव. शाईनं काढलेली बाई, डोक्यावरून पदर. मांडीवर उघडं बाळ. बाळाच्या डोक्यात मोरपीस नाही. हातात बासरी नाही. लोण्याचं मडकं नाही. आहे ते एवढंच, की त्यानं उजवा हात वर केलाय आणि दोन बोटं उभी धरलीत. आई म्हणायची, बघ, दोन गोळे मागतोय, एकावर भागत नाही लबाडाचं. आणि आपण गोकुळाष्टमीला मोजून दोन गोळे लोणी त्याच्यापुढे ठेवायचो.

काल लायब्ररीत गेले. तोंडाला ओला रुमाल बांधून. चित्रांची जाड पुस्तकं काढली. ताई, युरोपातल्या प्रत्येक पुस्तकात ते बाळ आहे. तीच दोन बोटं. लोण्याशी त्यांचा काही संबंध नाही.

मी पुस्तक मिटलं आणि बसनं घरी आले. कोणाला सांगितलं नाही. तुला सांगतेय, जिला सांगायला नको तिलाच. आता तू म्हणशील, मग काय अडलं, मेरी मेरीच्या घरी चालली. म्हण. पण मी देवघरात दिवा लावते आणि तिच्याकडे न बघता उठते.

अरुणा

*

टॅम्पिनीस
३ ऑक्टोबर

ती. ताई,

काल घट बसले. या वर्षी घटामागे यशोदा नाही. ती क्वीन्सटाउनला आहे, एका टेबलावर, चौकटीविना.

चोरीला गेली नाही, घाबरू नकोस. धुरामुळे खिडक्या महिनाभर बंद, आत दमट, आणि कागदाला कसर लागली. एका सकाळी कापूर ओवाळताना बघितलं, बाळाच्या पायापाशी कागदाची चाळण झालेली. ह्यांनी विजेरी लावून तपासलं, इंजिनाला तडा गेल्यावर तपासतात तसं, आणि म्हणाले हे आपलं काम नाही. जेरोमनं चौकशी करून एक बाई शोधली. मिस लौ. जुने कागद, नकाशे, चित्रं दुरुस्त करते, विलायतेत शिकून आली आहे. क्वीन्सटाउनला जुन्या ब्लॉकच्या तळमजल्यावर तिची जागा आहे.

तिनं आधी विचारलं, काच कुठे आहे? मी सांगितलं, काच आईच्या लग्नाआधीच फुटली, मग कोणी घातली नाही. का? कुंकू लावायला काच मध्ये येते म्हणून. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी छतावरचा पंखा बघायला लागले.

मग तिनं चौकट काढली. ताई, चौकटीखाली बोटबोटभर कागद दडलेला होता चारी बाजूंनी. वर, पदराच्या मागे, पातळ रेघेचं एक कडं आहे डोक्याभोवती, लायब्ररीतल्या पुस्तकांत मेरीला असतं तसं. चौकट नेमकी त्याच्यावरून गेली होती. आणि खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात एका साहेबाचं नाव, लिसल, आणि पुढे पूना, १७९३. म्हणजे संशयाला जागा उरली नाही. आपला कोणी पूर्वज संगमावरच्या इंग्रजांच्या वकिलातीत कारकून होता, असं आई सांगायची ना, तिथूनच आलं असणार. साहेबानं मेरी दिली आणि घरी येईपर्यंत तिची यशोदा झाली.

मिस लौनं विलायतेत कोणाला तरी फॅक्स केला. त्या लिसलचा धंदा चेहऱ्यांचा. हस्तिदंताच्या चकतीवर, लॉकेटात मावतील एवढाले चेहरे काढायचा, साहेबांचे, सरदारांचे. एवढं मोठं चित्र त्याचं दुसरं माहीत नाही. आणि ते दिसतंच. तिनं एकेक दाखवलं तेव्हा मला हसू आवरेना. पदर म्हणजे वाळत घातलेली चादर. बाळाचे पाय म्हणजे रताळी. हात लाकडाचे. आणि चेहरा! तो मात्र त्यानं लॉकेटातल्यासारखाच काढलाय, एका केसाच्या कुंचल्यानं, टिंब टिंब ठेवून. आपण लहानपणी म्हणायचो ना, ती बघते आहे, कुठेही बसलं तरी.

मिस लौनं भिंग दिलं. गालावर बघा, म्हणाली. गालावर बारीक खड्डे आहेत. मला आधी कसर वाटली. ते देवीचे वण आहेत, ताई. देवीच्या तोंडावर देवीचे वण! मिस लौ म्हणाली, या माणसाला मनानं चेहरा रचता येत नसणार, समोर कोणी बसल्याशिवाय त्याचा हात चालत नसेल. मेरी काढायची होती, पण बसली होती पुण्यातली कोणी बाई, आणि तिचे वणसुद्धा त्यानं सोडले नाहीत. वकिलातीतली मोलकरीण असेल, माळ्याची बायको असेल. तिला कोणी सांगितलं असेल का, तू कोण म्हणून बसली आहेस?

मी त्या बाईकडे बघत बसले. परतायचं भान राहिलं नाही.

आता जे सांगायचं ते. कपाळावर आजी, पणजी, आई, तू, मी, सगळ्यांच्या कुंकवाचा थर आहे. मिस लौ म्हणाली, हा लाल डाग काढून टाकू का? तेल मुरलंय, कागद कुजतोय, पण निघेल. ओल्या कापसानं, हळूहळू पुसून घेईन.

साधा कामाचा प्रश्न होता. तिला कुठे ठाऊक की आपल्यात कुंकू पुसणं म्हणजे काय.

मला भाऊजींचा दिवस आठवला. आत्यानं ओल्या पंचाचं टोक घेऊन तुझं कपाळ पुसलं होतं. कुंकू केव्हाच निघालं होतं, पण चोळून चोळून कातडी लाल झाली, आणि आत्याला वाटलं अजून आहे. ती पुसतच राहिली. तू तिचा हात धरला नाहीस. तू माझ्याकडे बघत होतीस.

मी मिस लौला थांबा म्हटलं आणि उठून आले. चित्र तिथेच आहे. तिला दिवाळीच्या आत उत्तर हवं, नाहीतर लग्नापर्यंत काम होणार नाही.

तुझं मागणं होतं, परत पाठव. आता सगळं लिहिलंय. यशोदा नाहीच ती. तुला अजून हवी आहे का? की आता तुलाच बाटल्यासारखी वाटतेय? एका अक्षरानं तरी कळव. तुझ्या गप्प बसण्याशी भांडून भांडून मी थकले.

अरू

*

टॅम्पिनीस
१२ ऑक्टोबर, रविवार

ताई,

काल फोन वाजला तेव्हा मी दाराला तोरण बांधत होते. तन्वीनं उचलला आणि म्हणाली, "मावशी आहे, आय थिंक शी'ज क्रायिंग." तू रडत नव्हतीस. तुझा आवाज पहिल्यापासून तसाच आहे, सर्दी झाल्यासारखा. भाऊजी गेल्यापासून नऊ वर्षांत तिला तो ऐकायला मिळाला नाही, तिला कसं कळणार?

तू बोललीस आणि मी नुसती हं हं करत राहिले. माझ्यासारखी तोंडाळ बाई. म्हणून आज लिहिते.

"अरू, मला माहीत होतं," हे तुझं पहिलं वाक्य. बूथवाला मागे कोणावर तरी ओरडत होता, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण तू सांगत गेलीस. एकोणीस वर्षांची होतीस, नर्सिंगचं शिकत होतीस. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर लांब व्हरांड्यात एक चित्र होतं, तीच बसण्याची ढब, तीच दोन बोटं. मेट्रननं सांगितलं, तो मुलगा मागत नाहीये, आशीर्वाद देतोय. त्या दिवशी ड्यूटी संपवून तू धावत घरी आलीस, आईला सांगायला.

"आई तिच्या कपाळाला कुंकू लावत होती. आणि त्या बाळाला सांगत होती, आज लोणी नाही रे, दूध नासलं. मी काय सांगणार होते, अरू?"

मग तू कोणालाच सांगितलं नाहीस. लग्न झालं, यशोदा तुझ्या घरी आली, आणि तू सगळं जाणून दर शुक्रवारी तिला कुंकू लावत राहिलीस, गोकुळाष्टमीला दोन गोळे ठेवत राहिलीस. आत्या तिला भिंतीवरून उतरवत होती तेव्हाही बोलली नाहीस. ही सवाष्ण-विधवा बघणारी देवीच नव्हे, एवढं म्हणाली असतीस तर आत्यानं विटाळ झाल्यासारखं तिथेच सोडलं असतं चित्र. तुझ्याकडेच राहिलं असतं. पण मग ती यशोदा राहिली नसती.

आणि मग तू ते म्हणालीस, ज्यामुळे मनानं मी अजून त्या फोनजवळच्या स्टुलावरून उठलेली नाही.

"त्या घरात नको म्हटलं, ते बाटेल म्हणून नव्हे गं. तिथे तिला ओळखतील. ओळखलं की ती त्यांची झाली. मग तिला यशोदा म्हणणारं कोण उरलं?"

आणि फोन तुटला.

ताई, मी दोन महिने तुला सोवळ्यातली म्हातारी समजून मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तुझ्याकडून ती सवाष्णींनी एकदा नेली होती, आता ख्रिस्त्यांनी नेऊ नये, एवढंच तुझं म्हणणं होतं. मला तुझी फार आठवण येते. पूर्वी रागाच्या खाली दिसत नव्हती, आता राग कुठे ठेवू ते कळत नाही.

काल संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, मला चोआ चू कांगला न्या. बस आणि एमआरटीच्या रेल्वेनं दीड तास, हे कुरकुरत आले. आह-मा दारातच होती. मी जेरोमला बाजूला बसवलं आणि म्हटलं, शब्दाला शब्द सांग. तिला सगळं सांगितलं. तुम्ही बरोबर होता, मी चूक होते. ती मेरीच आहे. आणि तरी ती यशोदा आहे, आमच्या घरात सात पिढ्या तिला याच नावानं हाक मारली. ती तुमच्या घरी येणार आहे. तुम्ही तिला काय म्हणाल?

आह-मानं मला खुर्ची दिली. मग तिनं विचारलं, त्या बाळाच्या दोन बोटांचं तुम्ही काय समजत होता? मी सांगितलं, लोण्याचे दोन गोळे. जेरोमला लोणी सांगता येईना, शेवटी बटर म्हणाला. आह-मा एवढी हसली की ठसका लागून तिला पाणी द्यावं लागलं. निघताना तिनं आत जाऊन बटरचा एक डबा आणला आणि माझ्या हातात दिला. मी म्हटलं हे कशाला? जेरोम म्हणाला, "फॉर द बेबी. ती म्हणते, बिचारा दोनशे वर्षं हात वर करून आहे."

डबा फ्रीजमध्ये आहे. तू ठरव त्याचं काय करायचं ते.

मिस लौला आज फोन केला. डाग काढायचा नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, एक्स्पर्ट बघेल तर हसेल. मी म्हटलं, हसू दे. मग तिला सांगितलं, आमच्यात एखादीचं कुंकू पुसणं म्हणजे काय. तिनं ते दोनदा विचारून घेतलं. म्हणाली, ठीक आहे, आहे तसं पक्कं करते.

तू लग्नाला ये. तिकीट प्रबोधकडे पाठवते, तो तुला मुंबईला विमानात बसवून देईल. नाही म्हणू नकोस.

तुझी अरू

*

टॅम्पिनीस
४ नोव्हेंबर

ताई,

धूर सरला. काल रात्री धो धो पाऊस झाला आणि सकाळी समोरचा ब्लॉक आहे तिथेच उभा दिसला. मी सगळ्या खिडक्या उघडल्या.

तुझं कार्ड आलं. या खेपेला चार ओळी, प्रगती आहे. 'येते. दोन साड्या पुरतील ना? गौरीहरापाशी मला बसवू नकोस, मी मागे खुर्चीवर बसेन. पद्धत आहे.'

साड्यांचं आधी. पातळ आण, इथे घाम फार. विमानात जेवण मिळतं, डब्यात दशम्या घेऊन बसू नकोस, आणि घेतल्यासच तर माझ्यासाठी चार राख. उतरल्यावर कोणालाही काही विचारू नकोस, सरळ लोकांच्या मागे चालत ये, काचेच्या पलीकडे मी असेन. मी जाड झाले आहे. तू ओळखशील.

आता पद्धतीचं.

यशोदा परवा घरी आली. मिस लौनं अंगभर कागदाची बारीक ठिगळं लावली आहेत, दिसतसुद्धा नाहीत. डोक्याभोवतीचं कडं झाकू नका म्हटलं, चौकट मोठी करून घेतली. कुंकू आहे तसं आहे. वर काच आहे. आणि मिस लौनं मला बजावून सांगितलं, या कागदाला यापुढे कुंकवाचा एक कणही लागता कामा नये, नाहीतर कपाळाला भोकच पडेल. म्हणजे झालं काय बघ. आता तिला ना माझा हात लागणार, ना तुझा, ना आह-माचा. ज्या कारणानं ती तुझ्या घरातून नेली, ते कारणच संपलं. आत्या असती तर तिला मी हे दोनदा सांगितलं असतं.

ही सगळी गंमत मी तन्वीला सांगत बसले. ती लॅपटॉपवर पाहुण्यांची यादी करत होती, मला वाटलं ऐकत नाहीये. तिला भाऊजींच्या दिवसाचंही सांगितलं, ते ओल्या पंचाचं. मी कधी सांगितलं नव्हतं. ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. या पोरीला धड मराठी येत नाही अशी मी कुरकुर करते, पण त्या वेळी एक शब्द इंग्रजी नव्हता.

म्हणाली, "आई, मावशीनं माझ्या कपाळाला कुंकू लावल्याशिवाय मी गौरीहरापुढून उठणार नाही."

मी म्हटलं, भटजी काय म्हणतील. म्हणाली, म्हणू दे. मी म्हटलं, मावशीच नाही म्हणेल. तर म्हणाली, मग मी बसून राहीन. तू तिला पाहिलेलं नाहीस इतक्या वर्षांत, पण हट्टाचं म्हणशील तर आपल्या आईवर गेली नाही, माझ्यावरही नाही. आपल्याकडे एवढी गप्प हट्टी एकच आहे, आणि ती मिरजेत पोस्टकार्डं लिहिते.

तू मागे खुर्चीवर बसलीस तर मी तुला ओढून आणणार नाही. भांडणारही नाही, तेवढं त्राण नाही. पण त्या सकाळी तन्वीला हळद लागेल, हिरवा चुडा भरला जाईल, मुंडावळ्या बांधल्या जातील, आणि कुंकू मी लावणार नाही. ह्यांच्या बहिणी येणार आहेत दोघी, त्यांनाही लावू देणार नाही.

तिचं कपाळ तुझ्यासाठी मोकळं ठेवते आहे. मुहूर्त सकाळचा आहे, उशीर करू नकोस.

तुझी
अरू